अँटी-टीपीओ १०१२ वरून ४१२: हा आकडा खाली आणायचाच असतो का?

पारिजात (१८ फेब्रुवारी, रात्री १०.१२)

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढते आहे.

मी ३४ वर्षांची, नाशिकला असते. गेल्या जूनमध्ये केस मुठीमुठीने गळायला लागले आणि थकवा तर असा, की दुपारी मुलीला शाळेतून आणलं की मीच आडवी व्हायचे. टीएसएच ६.८ आला (थायरॉइडला कामाला लावणारं हे हार्मोन, थायरॉइड कमी पडलं की वाढतं). दीड महिन्याने परत केला, ७.१. मग डॉक्टरांनी अँटी-टीपीओ, म्हणजे थायरॉइडविरुद्धच्या अँटीबॉडीची तपासणी, करायला सांगितली, ती आली ८४६. रिपोर्टवर ठळक अक्षरांत, शेजारी वर जाणारा बाण. "हाशिमोटो आहे, ऑटोइम्यून आहे, थायरॉक्सिनची २५ ची गोळी सुरू करा" एवढं म्हणून डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

आपलंच शरीर आपल्यावर उठलंय म्हटल्यावर झोप कुठली लागते? रात्र रात्र व्हिडिओ बघितले. सगळ्यांचं सांगणं एकच: गोळी वरवरची आहे, आग आत तशीच धुमसते आहे, अँटीबॉडी खाली आणा. ऑक्टोबरमध्ये परत तपासली तर १०१२! दिवाळी झाल्या झाल्या गहू बंद केला, दूध बंद केलं. तीन महिने फक्त ज्वारी-नाचणीची भाकरी. संक्रांतीला गुळपोळ्या केल्या आणि सगळ्यांना वाढल्या, स्वतः तुकडाही घेतला नाही. आणि गेल्या आठवड्यात रिपोर्ट आला: ४१२. त्या दिवशी घरात पेढे आणले, मला चालत नाहीत तरी.

आता दोन मनं झाली आहेत. डॉक्टर म्हणतात ही तपासणी परत करायचीच नव्हती. पण आकडा तर निम्म्याहून खाली आला ना? असंच चालू ठेवून शून्यावर आणायचा का? कुणी आणलाय का?

---

भिंगरी (१८ फेब्रुवारी, रात्री १०.४०)

माझ्या रिपोर्टवर नुसतं "१३०० पेक्षा जास्त" असं आलं होतं. त्याला ११ वर्षं झाली. तेव्हापासून ७५ ची गोळी चालू आहे, दोन बाळंतपणं झाली, गेल्या वर्षी हरिश्चंद्रगडही चढले. परत कधी तपासली नाही. तू खूप घाबरली आहेस हे कळतंय गं. आधी शांत झोप.

---

निवांत (१८ फेब्रुवारी, रात्री ११.०५)

पारिजात, अभिनंदन! अजिबात थांबू नका. माझा ६२० होता, दीड वर्षात २१० वर आला. गहू, साखर, पाकिटातले पदार्थ सगळं बंद. डॉक्टरांना आहाराबद्दल विचारलं की ते विषय बदलतात, हा माझा तीन डॉक्टरांचा अनुभव. शरीर सांगतंय ते ऐका.

---

सातारी अण्णा (१९ फेब्रुवारी, सकाळी ६.२०)

हा आजार पुरुषांना होतो का? मला ६१ व्या वर्षी थायरॉइड निघाला. अँटी-टीपीओ वगैरे कुणी करायला सांगितलं नाही. राहून गेली का काय?

---

टेस्टट्यूब (१९ फेब्रुवारी, सकाळी ८.५५)

पारिजात, मी पॅथॉलॉजिस्ट आहे, लॅबमध्ये २३ वर्षं झाली. सविस्तर लिहिते, पण आधी एक सांगा: तिन्ही रिपोर्ट एकाच लॅबचे आहेत का? आणि प्रत्येकावर आकड्याशेजारी मर्यादा काय छापली आहे?

---

पारिजात (१९ फेब्रुवारी, सकाळी ९.३०)

पहिले दोन घराजवळच्या लॅबचे, मर्यादा ३४. तिसरा दुसर्‍या लॅबचा. त्यांची सवलत चालू होती आणि रक्त न्यायला मुलगा घरी आला. त्यावर लिहिलंय ५.६१ पर्यंत नॉर्मल.

---

टेस्टट्यूब (१९ फेब्रुवारी, दुपारी १.१५)

मला हीच शंका होती. हे वाचून वाईट वाटेल, पण स्पष्टच लिहायला हवं. १०१२ आणि ४१२ हे एका मापाने मोजलेले आकडेच नाहीत. प्रत्येक कंपनीचं किट वेगळं, अँटीबॉडी पकडायची पद्धत वेगळी आणि मर्यादाही त्या किटपुरती. कुठे ३४, कुठे ६०, कुठे ९, कुठे ५.६१. एकाच दिवशी, एकाच हाताचं रक्त दोन्ही लॅबना दिलं असतं तरी असेच दोन आकडे येऊ शकले असते. ४१२ ला ५.६१ च्या शेजारी ठेवून बघा. तोही जोरदार पॉझिटिव्हच आहे. आकडा उतरलाय की नाही, हे या दोन कागदांवरून सांगताच येत नाही. आणि ८४६ चा १०१२ होणं, एवढा चढउतार एकाच लॅबमध्येही होतो.

आता ही अँटीबॉडी आहे काय? टीपीओ हे थायरॉइडच्या पेशीतलं एक एन्झाइम आहे. आपण खातो त्या मिठातलं आयोडिन हार्मोनमध्ये गुंफायचं काम ते करतं. हाशिमोटोमध्ये प्रतिकारशक्तीच्या पेशी थायरॉइडमध्ये शिरतात आणि हळूहळू ती ग्रंथी पोखरतात. नुकसान मुख्यतः त्या पेशी करतात. रक्तात सापडणारी अँटीबॉडी ही बरीचशी त्यांच्या येण्याची खूण. आमच्या गावाकडे उसात रानडुकरं शिरतात. सकाळी बांधावर ठसे दिसले की कळतं, रात्री येऊन गेली. पण ऊस किती उरला ते ठसे मोजून कळत नाही, त्यासाठी उसातच शिरावं लागतं. टीएसएच आणि फ्री टी४ (रक्तातलं मोकळं थायरॉइड हार्मोन) म्हणजे उसात शिरून बघणं. म्हणून अँटी-टीपीओ सहसा एकदाच करतात. ठसे आहेत की नाहीत एवढं कळलं की तिचं काम संपलं. औषधाची मात्रा तिच्यावरून ठरत नाही.

नावाचा एक घोळही सांगून ठेवते. जुन्या रिपोर्टवर "अँटी-मायक्रोसोमल" किंवा "एएमए" दिसेल. ती हीच. तो मायक्रोसोमल पदार्थ म्हणजे टीपीओ, हे १९८५ च्या सुमारास कळलं आणि नाव बदललं.

आणि थोडा इतिहास, कारण "शरीर आपल्यावर उठलंय" या वाक्याने मोठमोठ्या शास्त्रज्ञांचीही झोप उडवली होती. जपानच्या हाकारू हाशिमोटो या तरुण सर्जनने १९१२ मध्ये चार बायकांच्या थायरॉइडचं वर्णन एका जर्मन नियतकालिकात छापलं. त्याला ग्रंथीत लिम्फोसाइट या प्रतिकारशक्तीच्या पेशींची गर्दी दिसली, पण ती का, हे पुढे ४४ वर्षं कुणाला सांगता आलं नाही. शरीर स्वतःविरुद्ध अँटीबॉडी करणारच नाही, अशी तेव्हा पक्की समजूत होती. अमेरिकेत बफेलोला संशोधक विटेब्स्की स्वतः त्याच मताचे. त्यांच्या हाताखाली नोएल रोझ यांनी सशांना थायरॉइडचा अर्क टोचला, तर सशांनी स्वतःच्याच थायरॉइडविरुद्ध अँटीबॉडी केल्या. ते काम १९५६ मध्ये छापून आलं. त्याच वर्षी लंडनमध्ये रॉइट, डोनियाक, कँपबेल आणि हडसन यांना हाशिमोटोच्या रुग्णांच्या रक्तात थायरोग्लोब्युलिन या थायरॉइडमधल्या प्रथिनाविरुद्धची अँटीबॉडी सापडली. आणि त्याच वर्षी न्यूझीलंडमध्ये अ‍ॅडम्स आणि पर्व्ह्ज यांना ग्रेव्हजच्या (थायरॉइड जास्त काम करण्याचा आजार) रुग्णांच्या रक्तात थायरॉइडला चेतवणारा पदार्थ मिळाला. तीन देश, एक वर्ष. आज आपण घरबसल्या ज्या तपासण्या करतो त्यांची मुळं तिथे आहेत.

सातारी अण्णा, पुरुषांनाही होतो, बायकांना बर्‍याच पटींनी जास्त. तुमची गोळी सुरूच आहे, टीएसएच ठीक आहे, तर काही राहून गेलेलं नाही. आता ती तपासणी केली तरी गोळी तीच राहणार.

---

भिंगरी (१९ फेब्रुवारी, दुपारी १.४०)

वाखूसा (वाचनखूण साठवली). ठशांचा दाखला कायमचा लक्षात राहील.

---

पारिजात (१९ फेब्रुवारी, दुपारी २.०५)

वाचून रडू आलं. तीन महिने... असो. टेस्टट्यूब ताई, मनापासून आभार. हे मला समोर बसवून कुणीच सांगितलं नव्हतं.

---

निवांत (१९ फेब्रुवारी, दुपारी ४.३०)

टेस्टट्यूब, आदर राखून असहमत. माझे सगळे रिपोर्ट एकाच लॅबचे आहेत. ६२०, ४४०, ३०५, २१०. हा किटचा फरक कसा असेल? मला बरंही वाटतंय. अनुभव खोटा ठरवू नये ही विनंती.

---

टेस्टट्यूब (१९ फेब्रुवारी, संध्याकाळी ७.१०)

@निवांत, तुमचा अनुभव खोटा नाहीच. तुमचा आकडा खरंच उतरला आहे. प्रश्न एवढाच, की कशामुळे? त्या दीड वर्षात थायरॉक्सिनची गोळी चालू होती का? गोळीवर असलेल्या बर्‍याच जणांची अँटीबॉडी वर्षानुवर्षं हळूहळू उतरत जाते, त्यांनी आहारात काही न बदलताही. ग्रंथी शांत राहते, काही ठिकाणी आक्रसते, मग तिच्याविरुद्धची कुरकुरही कमी होते. सेलेनियमच्या गोळ्यांनीही काही अभ्यासांत आकडा उतरलेला दिसला, पण त्यामुळे रुग्णांना बरं वाटलं किंवा गोळी सुटली असं ठामपणे दिसलेलं नाही. साखर आणि पाकिटातलं सोडल्याने तुम्हाला हलकं वाटत असेल तर ते जरूर चालू ठेवा. त्याला अँटीबॉडीच्या दाखल्याची गरज नाही.

---

निवांत (१९ फेब्रुवारी, संध्याकाळी ७.३५)

गोळी चालू होती, ५० ची. हा मुद्दा विचार करण्यासारखा आहे. पण गव्हाबद्दल माझं मत बदललेलं नाही.

---

उंबरठा (१९ फेब्रुवारी, रात्री ९.५०)

मी तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करतो. गव्हावरून एक महत्त्वाची गोष्ट राहते आहे. थायरॉइडच्या ऑटोइम्यून आजारासोबत सीलिअ‍ॅक, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार, सर्वसाधारण लोकांपेक्षा जास्त आढळतो. त्याचीही रक्ततपासणी असते. पण ती गहू खात असतानाच करायची. महिनोन्‌महिने गहू सोडून मग केली तर आजार असूनही निगेटिव्ह येऊ शकते. कुणाला वारंवार जुलाब, पोट फुगणं, न भरून येणारं हिमोग्लोबिन असेल तर आधी ती तपासणी, मग काय ते पथ्य. ज्यांना सीलिअ‍ॅक नाही त्यांनी फक्त अँटी-टीपीओसाठी गहू सोडावा, याला भक्कम आधार नाही.

माझ्याकडे रोज कुणीतरी "फुल बॉडी चेकअप"चा कागद घेऊन येतं. पॅकेजात अँटी-टीपीओ घातलेली असते. टीएसएच २, तब्येत ठणठणीत आणि अँटीबॉडी १२०. रात्रीतून धडधाकट माणूस पेशंट होतो. अशा माणसाला मी गोळी देत नाही, वर्षाने टीएसएच करायला सांगतो. उलट टीएसएच ६-७ च्या घरात दोनदा आला, तर ही तपासणी मी जरूर करतो. पॉझिटिव्ह आली तर आजार पुढे सरकण्याची शक्यता जास्त, निगेटिव्ह आली तर थोडी वाट बघायला हरकत नसते. पारिजात, तुमच्या डॉक्टरांनी याच वळणावर केली, ती बरोबर होती. मात्र तुम्हाला समजावून सांगायला पाच मिनिटं द्यायला हवी होती, हे आमच्या व्यवसायातला माणूस म्हणून मान्य करतो.

---

घाटमाथा (२० फेब्रुवारी, सकाळी १०.२०)

उंबरठा यांनी "शक्यता जास्त" म्हटलंय, त्याचे आकडे देतो. बायकोच्या वेळी शोधले होते. इंग्लंडच्या ईशान्येला व्हिकम नावाची जागा आहे, तिथल्या लोकांवर २० वर्षं लक्ष ठेवलं आणि १९९५ मध्ये निष्कर्ष छापले. ज्या स्त्रियांचा टीएसएच वाढलेला आणि अँटीबॉडीही पॉझिटिव्ह, त्यांच्यात वर्षाला ४.३ टक्के स्त्रियांना पूर्ण हायपोथायरॉइड (थायरॉइड मंद पडण्याचा आजार) झाला. नुसता टीएसएच वाढलेला असेल तर २.६ टक्के. नुसती अँटीबॉडी असेल तर २.१ टक्के. म्हणजे फक्त अँटीबॉडी असलेल्या १०० बायका घेतल्या तर वर्षभरात ९८ जणी जिथल्या तिथे. बायकोला हे दाखवलं आणि त्या रात्री ती दोन महिन्यांनी नीट जेवली.

आपल्याकडचाही अभ्यास आहे. २०१३ मध्ये आठ शहरांतल्या पाच हजारांहून जास्त प्रौढांची तपासणी छापून आली. मुंबई आणि गोवा दोन्ही त्यात होते. हायपोथायरॉइड निघाला १०.९५ टक्क्यांना, अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह मात्र २१.८५ टक्के. अँटीबॉडीवाले आजारवाल्यांच्या दुप्पट! दर पाच माणसांत एक. लोकल डब्यात बसल्या बसल्या आजूबाजूला बघा.

---

मडगांवची (२० फेब्रुवारी, सकाळी ११.४५)

आमच्या गोव्याचं नाव आलं म्हणून लिहिते. रोज मासे खाणारी माणसं आम्ही, आयोडिनची ददात नाही, तरी माझ्या आईला, मावशीला आणि मला थायरॉइड आहे. सगळे म्हणतात मीठ बदला. गलगंड म्हणजे आयोडिन कमी, एवढंच शाळेत शिकवलेलं. मग हे काय?

---

टेस्टट्यूब (२० फेब्रुवारी, दुपारी १२.३०)

@मडगांवची, दोन्ही खरं आहे. हिमालयाच्या पायथ्याशी कांगडा खोर्‍यात गलगंड घरोघरी होता, तो आयोडिनच्या कमतरतेचा. डॉ. रामलिंगस्वामी आणि सहकार्‍यांनी १९५६ पासून तिथे आयोडिनयुक्त मीठ वाटून तो कमी करून दाखवला, त्यावर पुढे देशाचं धोरण उभं राहिलं. तुमच्या घरचा ऑटोइम्यून आहे, तो रक्ताच्या नात्यात चालतो. मीठ नेहमीचं आयोडिनवालंच खा, सैंधवावर जाऊ नका, घरात लहान मुलं असतील तर मुळीच नको. आणि उलट टोक म्हणजे समुद्री शेवाळाच्या नाहीतर आयोडिनच्या गोळ्या. त्याही नकोत. जास्तीचं आयोडिन अशा थायरॉइडला सोसत नाही.

---

सातारी अण्णा (२० फेब्रुवारी, दुपारी ३.००)

थोडं अवांतर. सकाळी साडेपाचला उठलो की मला चहा लागतो. मुलगी म्हणते गोळीनंतर तासभर थांबा. चाळीस वर्षांची सवय आहे हो. चहासोबत घेतली तर काय बिघडतं?

---

भिंगरी (२० फेब्रुवारी, दुपारी ३.१०)

अण्णा, गोळी उशाशी ठेवा. पहाटे जाग येते तेव्हा घ्या आणि परत कूस बदला. साडेपाचचा चहा साडेपाचलाच!

---

उंबरठा (२० फेब्रुवारी, दुपारी ३.४०)

भिंगरीताईंची युक्ती उत्तम. चहा-कॉफीबरोबर गोळी नीट शोषली जात नाही. पहाट जमत नसेल तर रात्री जेवणानंतर तीनेक तासांनी झोपताना घेतली तरी चालते. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल तर मध्ये चार तास ठेवा.

---

ओसरी (२० फेब्रुवारी, रात्री १०.३०)

गेले दोन दिवस धागा वाचते आहे आणि "अँटीबॉडी परत करायची गरज नाही" हे वाक्य दिसलं की जीव घाबरा होतो. म्हणून लिहिते.

मला ग्रेव्हज होता, म्हणजे थायरॉइड जास्त काम करणारा. २४ व्या वर्षी रेडिओआयोडिनने ग्रंथी निकामी केली, मग रोज थायरॉक्सिन. लग्न झालं, दिवस गेले. टीएसएच अगदी नॉर्मल. माझ्या मते आजार संपला होता, मी तो डॉक्टरबाईंना सांगितलाही नव्हता. गळ्यावर शस्त्रक्रियेची खूणही नाही, मग कळणार कसं? त्यांनीच विचारलं, "थायरॉक्सिन कधीपासून? आणि कशामुळे?" रेडिओआयोडिन म्हटल्याबरोबर त्यांनी एक तपासणी लिहिली: टीएसएच रिसेप्टर अँटीबॉडी, ट्रॅब म्हणतात. मर्यादेच्या कितीतरी पट आली. माझी ग्रंथी गेली होती, पण तिला चेतवणारी अँटीबॉडी रक्तात तशीच फिरत होती. आणि ही अँटीबॉडी वारेतून बाळाकडे जाते. विसाव्या आठवड्याच्या आसपास परत केली, तरी चढलेलीच. पुढे सोनोग्राफीत बाळाचे ठोके मिनिटाला १७० च्या वर. जन्मल्यावर त्याला काही आठवडे थायरॉइड मंदावणारं औषध कणभर मात्रेत द्यावं लागलं. माझ्याकडून गेलेली अँटीबॉडी त्याच्या अंगातून ओसरली तशी तीन-चार महिन्यांत सगळं थांबलं. आज तो नऊ वर्षांचा आहे आणि दिवसभर फुटबॉल खेळतो.

त्या बाईंनी "कशामुळे?" हा एक शब्द विचारला नसता तर? कृपा करून सरसकट लिहू नका.

---

टेस्टट्यूब (२० फेब्रुवारी, रात्री ११.१५)

@ओसरी, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. चूक माझी, मी वेगळं करून सांगायला हवं होतं. अँटी-टीपीओ ही खूण आहे, ट्रॅब मात्र खुद्द कर्ता आहे. ती टीएसएचच्या जागी जाऊन बसते आणि थायरॉइडला पळवते. म्हणून तिचा आकडा खरंच कामाचा: ग्रेव्हज आहे की थायरॉइडची तात्पुरती सूज आहे हे ओळखायला, कार्बिमाझोल (थायरॉइड मंदावणारी गोळी) वर्ष-दीड वर्षाने थांबवता येईल का ते ठरवायला आणि गरोदरपणी. ग्रेव्हज कधीकाळी झालेला असेल, ग्रंथी काढलेली किंवा जाळलेली असेल, तरी दिवस गेले की डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. अँटी-टीपीओ परत करू नये, हा नियम ट्रॅबला लागू नाही.

---

टेम्सकाठी (२१ फेब्रुवारी, पहाटे ३.१०)

लंडनहून. गरोदरपणाचा विषय निघालाच आहे तर.

माझे दोन गर्भपात झाले. दुसर्‍यानंतर अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह निघाली, टीएसएच नॉर्मल. तोवर मनात अंधार होता, त्यात हे एक कारण सापडलं आणि मी त्याला घट्ट धरून बसले. माझ्याच रक्ताने बाळं गेली असं वाटायचं. मी गोळीसाठी हटून बसले. तेव्हा इथल्या डॉक्टरीणबाईंनी एक अभ्यास समोर ठेवला, टॅब्लेट नावाचा, २०१९ मध्ये छापलेला. अगदी माझ्यासारख्याच, म्हणजे थायरॉइड नॉर्मल, अँटीबॉडी पॉझिटिव्ह, आधी गर्भपात किंवा मूल राहायला अडचण अशा ९५२ स्त्रिया. निम्म्यांना ५० ची थायरॉक्सिन, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधी गोळी. मूल सुखरूप हाती आलं गोळीवाल्यांपैकी ३७.४ टक्क्यांना आणि दुसर्‍या गटात ३७.९ टक्क्यांना. काहीच फरक नाही.

त्या म्हणाल्या, अँटीबॉडी असलेल्यांमध्ये गर्भपात जास्त दिसतात हे खरं, पण गोळीने ते टळत नाहीत. गरोदरपणात टीएसएचवर लक्ष ठेवू, तो वाढला तर लगेच गोळी. मी त्या दिवशी बसमध्ये रडत घरी आले, आशा गेली म्हणून. हळूहळू मात्र स्वतःला दोष देणं थांबलं. मुलगी आता दोन वर्षांची आहे. गोळी लागली नाही.

---

उंबरठा (२१ फेब्रुवारी, सकाळी ९.००)

टेम्सकाठी, इतकं मोकळेपणाने लिहिलंत, आभार. एक जोडतो: अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह असलेल्या बाईला बाळंतपणानंतरच्या वर्षात थायरॉइडला सूज येण्याची शक्यता बरीच असते. आधी धडधड, चिडचिड, मग थकवा, उदासी. घरचे म्हणतात बाळामुळे झोप नाही म्हणून. अशा वेळी एक टीएसएच जरूर करा.

---

रानजाई (२२ फेब्रुवारी, दुपारी १२.१५)

उशिरा आले, पण पारिजातने केस गळतात लिहिलंय म्हणून राहवेना. तू केसांसाठी बायोटिन घेतेस का?

दोन वर्षांपूर्वी मी घेत होते. रोज १० मिलिग्रॅमची गोळी, औषधाच्या दुकानातून आपलीआपणच. वार्षिक तपासणीत टीएसएच ०.०२, फ्री टी४ चढलेला. मग ट्रॅब केली, तीही पॉझिटिव्ह. ग्रेव्हज म्हणून शिक्का बसला आणि कार्बिमाझोल लिहून दिली. पण मला ना धडधड, ना हात थरथरत, वजन तर वाढत होतं! ठाण्यातल्या दुसर्‍या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी सगळ्या गोळ्यांची पिशवी टेबलावर ओतायला लावली आणि बायोटिनची बाटली उचलून बाजूला ठेवली. म्हणाले, कार्बिमाझोल सुरू करू नका, ही आठवडाभर बंद ठेवा आणि परत रक्त द्या. सगळं नॉर्मल आलं. सगळं! आजार माझ्या गळ्यात नव्हताच, तो लॅबच्या नळीत होता. आठ दिवस मी जे रडले ते कुणी भरून देणार नाही.

---

टेस्टट्यूब (२२ फेब्रुवारी, दुपारी १.००)

रानजाई, हजार वेळा अनुमोदन. बर्‍याच किटमध्ये बायोटिन आणि स्ट्रेप्टाविडिन यांची घट्ट जोडी वापरून हार्मोन पकडतात. रक्तात वरून बायोटिन आलं की ती जोडी जमत नाही. मग टीएसएच खोटाच कमी दिसतो, टी४ खोटाच जास्त, आणि ट्रॅब खोटी पॉझिटिव्ह. हुबेहूब ग्रेव्हजचं चित्र. शरीराला दिवसाला साधारण ३० मायक्रोग्रॅम पुरतं आणि केसांच्या गोळीत १०,००० मायक्रोग्रॅम! काही नव्या किटमध्ये यावर उपाय केलाय, पण तुमच्या लॅबचं किट कोणतं ते तुम्हाला कळणार नाही. तपासणीआधी निदान दोन दिवस बंद, मात्रा मोठी असेल तर आठवडाभर.

---

पारिजात (२२ फेब्रुवारी, दुपारी १.२०)

घेते. ऑगस्टपासून. १० मिलिग्रॅमचीच. रोज सकाळी.

---

टेस्टट्यूब (२२ फेब्रुवारी, दुपारी १.२५)

आणि गोळी सुरू झाल्यावर टीएसएच किती आला होता?

---

पारिजात (२२ फेब्रुवारी, दुपारी १.४०)

ऑक्टोबरमध्ये १.२, पहिल्याच लॅबमध्ये. छान आहे म्हणून २५ च कायम ठेवली. त्यानंतर केलाच नाही. परवाही पैसे फक्त अँटीबॉडीसाठी दिले.

---

उंबरठा (२२ फेब्रुवारी, दुपारी २.००)

बायोटिन आजच बंद करा, आठवड्याने टीएसएच आणि फ्री टी४ करा. गोळी आपणहून वाढवू नका, रिपोर्ट घेऊन तुमच्या डॉक्टरांकडेच जा आणि बायोटिनचं त्यांना आवर्जून सांगा.

---

पारिजात (२८ एप्रिल, रात्री ९.४५)

मंडळी, उशीर झाला, माफ करा. मार्चच्या पहिल्या आठवड्यात तपासणी केली. टीएसएच ५.९. म्हणजे ऑक्टोबरचा १.२ बहुधा खराच नव्हता, आणि इतके महिने मी अपुर्‍या गोळीवर थकत होते. तो थकवा जावा म्हणून मी गहू सोडला, दूध सोडलं, आणि मोजत राहिले ती अँटीबॉडी.

डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते खुर्चीत मागे टेकून ऐकत राहिले, मग म्हणाले, "केसांचं काही घेता का, हे मी विचारायला हवं होतं." गोळी ५० ची केली. काल रिपोर्ट आला: २.३. दुपारी आडवं व्हावं लागत नाही. केस अजून गळतात, पण कमी. गहू आधी सुरू केला आणि काही आठवडे नीट खाल्ल्यावर सीलिअ‍ॅकची तपासणी केली. निगेटिव्ह. रविवारी आंब्याच्या रसाबरोबर पोळ्या खाल्ल्या, चार.

अँटी-टीपीओ केली नाही. लॅबचा मुलगा म्हणाला, पॅकेजमध्ये आहे ताई, फुकटच पडते. तरी नको म्हटलं.

---

निवांत (२८ एप्रिल, रात्री १०.२०)

वाचून फार बरं वाटलं पारिजात. मी अजून गहू खात नाही, पण दर चार महिन्यांची माझी अँटी-टीपीओ या वेळी मीही केली नाही.

---

मडगांवची (२९ एप्रिल, सकाळी ८.१५)

एक शेवटचं विचारते. माझ्या मुलीला, ती १२ वर्षांची आहे, टाइप वन डायबिटिस आहे. घरात एवढ्यांना थायरॉइड. तिची अँटी-टीपीओ करावी का?

---

टेस्टट्यूब (२९ एप्रिल, सकाळी ८.५०)

हो, तिची करा. टाइप वन असलेल्या मुलांमध्ये थायरॉइडचा ऑटोइम्यून आजार बराच आढळतो, म्हणून ती एकदा बघून ठेवतात. टीएसएचही सोबत करा आणि तो पुढे दर वर्षा-दोन वर्षांनी. अँटीबॉडी पॉझिटिव्ह आली तर टीएसएच थोडा लवकर लवकर बघायचा, इतकंच. तिला सांगताना "तुझं शरीर तुझ्यावर उठलंय" असं मात्र सांगू नका. आणि ती काही बायोटिनचं घेत असेल तर आधी दोन दिवस बंद.